घाणेरीपासून गुरे वाचवा: काय करावे, काय टाळावे

घाटवाटा, पडीक माळ, ओढ्याचे काठ, गायरानाच्या कडा. घाणेरी नाही अशी जागा महाराष्ट्रात मुद्दाम शोधावी लागते. कुणी तिला टणटणी म्हणतात, विदर्भात रायमुनिया. मूळची मध्य आणि दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठी आणली गेली. पुढे कुंपणांनी आणि पाखरांनी तिला देशभर नेले. बुलबुल आणि साळुंक्या तिची काळी फळे आवडीने खातात, फुलपाखरे फुलांवरून हलत नाहीत. गाय, म्हैस, मेंढी, शेळी यांच्यासाठी मात्र तिचा पाला विष आहे.

तरीही घाणेरीच्या शेजारी वर्षानुवर्षे चरणारी गावची गुरे सहसा तिला तोंड लावत नाहीत. पाला खरखरीत, वास उग्र, चव नकोशी. मग मरतात ती कोण? भुकेली आणि परकी जनावरे. दुष्काळात माळ उघडा पडल्यावर बाहेर काढलेली गाय, बाजारातून कालच आणलेली कालवड, नव्या मुलखात उतरलेला मेंढ्यांचा कळप. म्हणून घाणेरीचा बंदोबस्त कुऱ्हाडीने सुरू होत नाही, तो दावणीला टाकलेल्या पेंढीने सुरू होतो. पुढच्या सगळ्या सूचना या एका गोष्टीभोवती आहेत.

विष काम कसे करते, ते आधी समजून घ्या

पाल्यात लँटाडीन नावाची द्रव्ये असतात. ती आतड्यातून यकृतात जातात आणि पित्त वाहून नेणाऱ्या बारीक वाटा बंद पाडतात. पित्त तुंबले की दोन गोष्टी होतात. एक, कावीळ. दुसरी कमी लोकांना माहीत आहे. हिरव्या चाऱ्यातल्या हरितद्रव्याचे कोठीपोटात विघटन होऊन एक रंगद्रव्य तयार होते. एरवी ते पित्तावाटे शेणात निघून जाते. वाट बंद झाल्यावर ते रक्तात साठते, कातडीत पोचते आणि तिथे ऊन पडले की कातडी आतून भाजू लागते.

याच्याही पुढचे संकट कोठीपोटात आहे. यकृत बिघडले की कोठीपोटाची हालचाल मंदावते, रवंथ थांबते. खाल्लेला पाला तिथेच पडून राहतो आणि त्यातले विष थोडेथोडे झिरपत राहते. जनावर चार दिवस दावणीला बांधलेले असले, पुन्हा एक पानही खाल्लेले नसले, तरी विषबाधा चालूच असते. ‘आता खात नाही, म्हणजे उतरेल आपोआप’ हा अंदाज इथे चुकतो.

चरायला सोडण्यापूर्वी

करा: पोटात काहीतरी घालूनच सोडा. कडबा, वाळलेले गवत, भाताचा पेंढा, जे असेल ते. दोन वेळा विशेष धोक्याच्या. पहिली एप्रिल-मे, गवत संपलेले असते तेव्हा. दुसरी वळवाच्या पावसानंतरची. गवताने अजून डोके वर काढलेले नसते आणि घाणेरीला मात्र कोवळी हिरवी पालवी आलेली असते. लांबून माळ हिरवा दिसतो, म्हणून गुरे सोडली जातात. त्या हिरवाईतले गवत किती आणि घाणेरी किती, हे आधी स्वतः चालून पाहा.

करा: नवे जनावर निदान आठवडाभर दावणीलाच ठेवा. बाजारातून आलेली गाय टेम्पोत तासन्‌तास उभी असते, दाणापाणी झालेले नसते, रान ओळखीचे नसते. घाणेरीची चव तिने कधी घेतलेली नसेल, तर ती तोंड मागे घेणार नाही. विषबाधेची बहुतेक जनावरे याच गटातली असतात. आठवड्यानंतर सोडाल तेव्हाही पहिले काही दिवस गावच्या मुरलेल्या गुरांबरोबर आणि माणसाच्या नजरेखाली सोडा.

करा: वाडा बसवण्याआधी जागा फिरून पाहा. माण, खटाव, फलटणकडचे धनगर बांधव दिवाळीच्या सुमारास कळप घेऊन कोकणाकडे उतरतात. देशावरच्या मोकळ्या माळावर वाढलेल्या मेंढ्या घाटातल्या घाणेरीच्या जाळ्यांतून जातात, त्याही दिवसभराच्या चालीनंतर, भुकेल्या. घाट उतरण्याआधी कळपाला पोटभर चारून घ्या. घाणेरीच्या पट्ट्यातून कळप रेंगाळू न देता पुढे काढा.

करा: गुराख्याला झुडूप हातात देऊन दाखवा. फुलांचा गुच्छ नाण्याएवढा. मधली फुले पिवळी, कडेची गुलाबी, नारिंगी किंवा लाल. एकाच गुच्छात दोन रंग. फांदी बोटांत फिरवली तर चौकोनी लागते, तिच्यावर बारीक वाकडे काटे असतात. पाने समोरासमोर, कडा दातेरी, वरून खरखरीत. पान चुरगाळले की येणारा वास एकदा घेतला की विसरत नाही. कच्ची फळे हिरवी, पिकलेली जांभळट काळी, मण्यांच्या घोसासारखी. हे सगळे झाडापाशी पाच मिनिटांत शिकवून होते. गुरांमागे पोरे जात असतील तर त्यांना हेही सांगा, की हिरवी फळे तोंडात घालायची नाहीत. खाल्लीच, तर लगेच दवाखाना.

टाळा: फुलाच्या रंगावरून निर्धास्त होणे. घाणेरीच्या सगळ्या वाणांत विष सारखे नसते, हे खरे. लाल फुलांची घाणेरी जास्त विषारी समजली जाते, त्यालाही आधार आहे. पण शेजारशेजारच्या झुडपांत फरक असतो आणि चरणारे जनावर निवड करत नाही. गुलाबी फुलांची म्हणून कुठलीही घाणेरी चालेल असे धरू नका.

टाळा: घाणेरीच्या जाळीजवळ जनावर खुंट्याला बांधणे. दाव्याच्या टप्प्यातले गवत दुपारपर्यंत संपते. मग समोर उरते ते झुडूप.

टाळा: छाटलेले कुंपण तसेच टाकणे, किंवा पाला कुट्टीत जाऊ देणे. वाळल्याने विष जात नाही. बांधावरचे गवत कापताना विळ्याखाली घाणेरीची फांदी आली आणि ती पेंढीत बांधली गेली, तर दावणीला तिला वेगळे करून खाणे जनावराला जमत नाही. कडबाकुट्टीच्या यंत्रातून गेल्यावर तर तुम्हालाही ओळखता येणार नाही. पेंढी बांधण्याआधी एकदा झटकून पाहा.

टाळा: ‘शेळीला काय, ती सगळेच पचवते’ हा समज. शेळ्यांनाही बाधा होते.

खाल्ल्याचा संशय आला, तर

किती पाला घातक? ढोबळमानाने जनावराच्या वजनाच्या एक टक्का. म्हणजे ४०० किलोच्या गाईला सुमारे ४ किलो ओला पाला. आकडा मोठा वाटतो, पण भुकेली गाय एका चरणीत तेवढा सहज खाते. कालवडीला आणि मेंढीला अर्थात त्याहून कितीतरी कमी पुरतो.

करा: रवंथीकडे लक्ष ठेवा. पहिली खूण तीच. संध्याकाळी गोठ्यात बसलेली गाय रवंथ करत नाही, वैरणीला तोंड लावत नाही, शेण घट्ट आणि थोडे टाकते. एक-दोन दिवसांत ती उन्हातून उठून सावलीला जाऊ लागते. जबरदस्तीने उन्हात आणली तर अस्वस्थ होते, मान झटकते, पाय आपटते. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहा: आतली त्वचा पिवळी दिसेल. हिरड्याही तशाच. लघवी गडद पिवळी ते तपकिरी. नाकपुड्यांभोवतीची कातडी लाल होते, सुकते, मग तिला भेगा पडतात.

संकरित होल्स्टीन गाईच्या अंगावर ही बाधा जशी दिसते, तशी एकदा नीट पाहून ठेवावी. पांढरा ठिपका फुगतो, ओलसर होतो, कडक होतो आणि काही दिवसांनी जाड सालपट होऊन सुटू लागतो. त्याला लागून असलेला काळा ठिपका मात्र जसाच्या तसा, केसही हललेला नाही. दोन्हींमधली सीमा रेघ ओढल्यासारखी स्वच्छ असते. काळ्या कातडीतला रंग ऊन अडवतो, गुलाबी कातडीला ते संरक्षण नाही. म्हणून काळ्या कातडीच्या म्हशीत किंवा खिल्लारात कातडी भाजल्याची खूण ठळक दिसेलच असे नाही. तिथे डोळे, लघवी आणि रवंथ यांवरच भिस्त ठेवावी लागते. मेंढीचे अंग लोकरीने झाकलेले असते. तिचे कान आणि तोंड सुजते, पापण्या जड होतात.

करा: त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलावा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक विनाशुल्क आहे. फोनवर नुसते ‘गाय खात नाही’ म्हणू नका. ‘घाणेरी खाल्ल्याचा संशय आहे, केव्हा चरली ते असे, डोळे पिवळे आहेत’ असे सांगा. त्यावरून डॉक्टर सोबत काय आणायचे ते ठरवतात. झुडपाची एक फांदी काढून ठेवा.

करा: आधी सावली, मग बाकी सगळे. डॉक्टर येईपर्यंत तुमच्या हातात असलेला सगळ्यात मोठा उपाय हाच. झाडाची सावली पुरत नाही, ती सरकते. भिंत आणि छप्पर असलेला, जमेल तितका अंधारा गोठा हवा. पत्र्याच्या फटीतून ऊन येत असेल तर पोते लावा. मेंढपाळांना रानात हे अवघड आहे, ठाऊक आहे. तरी आजारी मेंढ्या कळपातून काढून ताडपत्रीच्या आडोशाला बसवता येतात आणि चालायचे ते रात्री चालता येते.

करा: ‘सक्रिय कोळसा देता येईल का?’ असे डॉक्टरांना विचारा. कोठीपोटात साचलेल्या विषाला धरून ठेवायचे काम तो करतो. मात्रा मोठी लागते: वजनाच्या दर किलोमागे सुमारे ५ ग्रॅम. म्हणजे ४०० किलोच्या गाईला २ किलो, भरपूर पाण्यात आणि क्षारांच्या द्रावणात कालवून, नळीने थेट पोटात. खाल्ल्याला काही दिवस झाले असले तरी उपयोग होतो, कारण पाला अजून आतच असतो. कोळसा मिळाला नाही तर बेंटोनाइट नावाची चिकणमाती त्याच प्रमाणात देतात. ती स्वस्त आहे, पण गुण यायला जास्त दिवस लागतात. फार मोलाचे जनावर असेल आणि वेळेत पोचले असेल, तर शस्त्रक्रियेने कोठीपोट उघडून पाला काढण्याचा मार्गही आहे. यकृताला आधार देणारी औषधे, सलाइन, जखमांसाठी प्रतिजैविके हे सगळे डॉक्टर ठरवतील.

इथे एक आग्रह धरावासा वाटतो. दोन किलो सक्रिय कोळसा गावातल्या औषधाच्या दुकानात रात्री नऊ वाजता मिळत नाही. घाणेरीच्या पट्ट्यातल्या दूध संस्थांनी आणि पंचायतींनी उन्हाळ्याआधीच दोन-चार गाईंपुरता साठा करून ठेवला, तर त्यावरचा खर्च एका दुभत्या गाईच्या किमतीपुढे काहीच नाही. ग्रामसभेत हा विषय मांडा.

करा: पाणी सतत समोर ठेवा.

टाळा: चुलीतला कोळसा कुटून पाजणे. दोन्हींचा रंग काळा, बाकी साम्य नाही. सक्रिय कोळशात अतिसूक्ष्म छिद्रे असतात, विष त्यांतच अडकते. चुलीतल्या कोळशाला ती ताकद नाही, आणि वेळ जातो तो वेगळाच.

टाळा: बाटलीने तेल, ताक, गुळाचे पाणी घशात ओतणे. मलूल जनावर नीट गिळत नाही. ओतलेले फुप्फुसात गेले तर विषाआधी न्यूमोनियाने मरेल. काळजीपोटी केलेली ही चूक फार महाग पडते.

टाळा: कावीळ दिसली म्हणून स्वतःच निदान करणे. गोचीडतापातही डोळे पिवळे होतात. त्यात बहुधा ताप चढतो, आणि एका प्रकारात लघवी कॉफीसारखी लालसर होते. घाणेरीत सहसा ताप नसतो आणि जनावर ऊन टाळते. पण हा फरक डॉक्टरांना सांगण्यासाठी आहे, दुकानातून इंजेक्शन आणून टोचण्यासाठी नाही. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच नकोत. आधीच दुखावलेल्या यकृतावर तो आणखी भार.

टाळा: ‘उद्यापर्यंत वाट पाहू.’ जोराची बाधा झालेले जनावर तीन-चार दिवसांत जाऊ शकते. बाकीची दोन-तीन आठवडे झुरतात आणि हळूहळू खंगतात. पहिल्या दोन दिवसांत न घेतलेली मेहनत नंतरच्या दोन आठवड्यांत भरून काढता येत नाही.

आजारी जनावर गोठ्यात असेपर्यंत

करा: कोरडा, मऊ चारा द्या. चांगले वाळलेले गवत, थोडा कोंडा, मूठ-मूठ करून. पोट चालू व्हावे म्हणून निरोगी गाईच्या कोठीपोटातले पाणी आजारी गाईला देण्याची पद्धत आहे. डॉक्टर म्हणाले तर नाही म्हणू नका.

टाळा: ‘अशक्त झाली आहे’ म्हणून हिरवा लुसलुशीत चारा घालणे. माया म्हणून घातलेल्या हिरव्या पेंढीतूनच कातडी भाजणारे ते रंगद्रव्य तयार होते. डोळ्यांचा पिवळेपणा जाईपर्यंत हिरवे बंद ठेवा.

करा: जखमा रोज पाहा. सालपट सुटलेल्या जागी माश्या बसतात आणि दोन दिवसांत अळ्या पडतात. कोमट पाण्याने धुवा, डॉक्टरांनी दिलेले मलम लावा, माश्यांना पळवणारे औषध कडेने लावा. सालपट ओढून काढू नका, ते आपले आपण सुटू द्या. कास आणि सड भाजले असतील तर गाय धारेला लाथ मारेल, वासराला जवळ येऊ देणार नाही. तिला मारू नका. तिचे सड आगीसारखे दुखत असतात. वासराला वरचे दूध पाजा.

टाळा: औषधे चालू असताना दूध डेअरीला घालणे. किती दिवस थांबायचे, ते डॉक्टरांकडून नेमके विचारून घ्या.

टाळा: पिवळेपणा गेला की लगेच उन्हात सोडणे. कातडी भरून यायला आणखी काही आठवडे लागतात. सुरुवात सकाळी लवकर आणि संध्याकाळी उशिरा.

जनावर दगावलेच, तर पुरण्याची घाई करू नका. विमा असेल तर कंपनीला आधी कळवा, कानातला बिल्ला काढू नका आणि शवविच्छेदन करून घ्या. पिवळट, फुगलेले यकृत, तट्ट भरलेली पित्ताची पिशवी आणि कोठीपोटात सापडलेली पाने हा पुरावा असतो. तो दाव्यासाठी तर लागतोच, पण त्याच रानात चरणाऱ्या शेजाऱ्याच्या गुरांसाठीही त्याची गरज असते. निदान झाले की गावभर सांगा.

झुडूप काढताना

करा: पावसाळ्यात, जमीन मऊ असताना, फळे धरण्याआधी काढा. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी सुचवलेली पद्धत सोपी आहे. मुख्य मूळ जमिनीखाली ३ ते ५ सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचे, झुडूप उचलायचे आणि मुळे आभाळाकडे करून उलटे ठेवायचे. फांद्या मातीला टेकल्या नाहीत की पुन्हा मूळ धरत नाहीत. अख्खे झुडूप खणायला लागणारी मेहनत वाचते.

टाळा: काढलेली जाळी उचलून नेण्याआधी त्या भागात गुरे सोडणे. उभ्या झुडपात आत असलेला पाला आता जमिनीवर, तोंडासमोर येतो. ही वेळ उभ्या घाणेरीपेक्षा जास्त धोक्याची.

करा: मोकळ्या जागेत लगेच चारा लावा. मारवेल, अंजन, डोंगरउतारावर स्टायलो. रिकामी माती घाणेरीला पुन्हा बोलावते. शिवाय चारा वाढला की भूक कमी, आणि खरा बंदोबस्त तोच.

टाळा: आग लावणे. वरचे जळते, मूळ जिवंत राहते आणि पहिल्या पावसात दुप्पट फुटवे येतात. गवत मात्र जळून जाते. नुसते वरून छाटण्याचाही परिणाम हाच.

टाळा: एकट्याच्या शेतापुरते काम. बांधापलीकडे घाणेरी उभी असेल तर पाखरे बी आणून टाकणारच. गायरान, ओढा आणि पाणवठ्याकडे जाणारी वाट आधी घ्या. गुरे सगळ्यात जास्त तिथेच असतात. काढलेल्या काठ्या वाया जात नाहीत. कर्नाटकातल्या मलै महादेश्वर डोंगरात सोलिगा कारागीर घाणेरीच्या काठ्यांपासून खुर्च्या-टेबले बनवतात. आपल्याकडेही बुरूडकाम जाणणारे हात आहेत.

करा: पुढची दोन-तीन वर्षे पावसाळ्यानंतर एक फेरी मारा. आधी बाभूळ, बोर, चिंच यांच्या बुंध्याशी पाहा, कारण पाखरे बसतात तिथेच बी पडते. वीतभर उंचीचे रोप दोन बोटांनी उपटून येते.